चारशे सदतिसावा खेळाडू

नेव्हिल ऑड्सलीच्या स्मरणशक्तीचा क्रॉसथॉर्पमध्ये सगळ्यांना अभिमान होता, आणि थोडा वैतागही. गावच्या क्लबाकडून तो चौदा वर्षं रग्बी लीग खेळला, पुढे नऊ वर्षं कोच होता. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही कुणी एखाद्या जुन्या सामन्याचं नाव काढायची खोटी, हा त्याची ऐंशीच्या ऐंशी मिनिटं सांगितल्याशिवाय ग्लास खाली ठेवत नसे. शनिवारी सकाळची पाळी करून खाणीतून वर यायचं, पापण्यांना कोळसा तसाच, आणि दुपारी मैदान गोठू नये म्हणून पसरलेला पेंढा उचलून खेळायला उभं राहायचं. सामन्यानंतर तेराही जण एकाच हौदात उतरायचे. शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला पाणी नाही, रस्सा यायचा. ते दिवस आठवले की नेव्हिलला आजचे गरम शॉवर आणि फळांचे ज्यूस बघून हसू यायचं.

त्यामुळे एक नाव त्याला आठवत नाही यावर जीन लमचा विश्वासच बसेना. जीन म्हणजे वाचनालयातून निवृत्त झालेली आणि आता क्लबाचं दप्तर सांभाळणारी बाई. क्लबाने ठरवलं होतं की पहिल्यापासून आजवर जो जो गावाची जर्सी घालून उतरला, त्याला पहिल्या सामन्याच्या क्रमाने नंबर द्यायचा. नेव्हिल चारशे बारावा होता. हयात असतील त्यांना रविवारी मैदानावर बोलवायचं, गेलेल्यांच्या घरच्यांनाही. यादी शुक्रवारी छापायला जायची होती, आणि एकच जागा रिकामी होती.

“चारशे सदतीस,” जीन म्हणाली. “चौदा मार्च चौसष्ट. डावा विंगर. पेपरात नुसतं ‘उमेदवार’ छापलंय. त्या दिवशीच्या बाकी बारा जणांपैकी आता तुम्हीच एक राहिलात.”

“नाही आठवत,” नेव्हिल म्हणाला.

“सहासष्टच्या पावसात कुणाच्या हातून बॉल सुटला ते आठवतं, आणि हे नाही?”

“म्हातारा झालो, जीन.”

“सोयीनं होता तुम्ही म्हातारे,” ती म्हणाली आणि वही मिटून निघून गेली.

नेव्हिलला ते नाव पक्कं ठाऊक होतं. त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं होतं.

रग्बीच्या घरात तेव्हा दोन चुली होत्या. एक पंधरा जणांची, मोठ्या शाळांची, जिथे खेळण्याचे पैसे घेणं म्हणजे पाप. आणि दुसरी तेरा जणांची, आमची खाणवाल्यांची. पंधरावाल्यांचा पोरगा तेरावाल्यांकडे एक सामना जरी खेळला तरी तिकडे त्याला जन्मभर बंदी. म्हणून कुणाला अजमावून बघायचं असलं की क्लब त्याचं नाव लपवायचा, आणि पेपरवालेही ‘उमेदवार’ छापून गप्प बसायचे. अर्ध्या गावाने चेहरा ओळखलेला असायचा, पण कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही.

गिल्बर्ट शिष्यवृत्तीवर मोठ्या शाळेत गेला, मग शिक्षकांच्या कॉलेजात, तिथल्या टीमचा कॅप्टन झाला. त्या शनिवारी नेव्हिलनेच गळ घालून त्याला आणलं. काय पळाला पोरगा! दोनदा रेषेपार गेला. संध्याकाळी बारमध्ये परगावचा एक माणूस म्हणाला, “कोण हो तो पोरगा?” आणि तेवीस वर्षांच्या नेव्हिलची छाती अशी फुगली, की गावातल्या शेंबड्या पोरानेही केली नसती ती चूक त्याने केली.

“कोण म्हणजे? आमचा गिल्बर्ट.”

गुरुवारी बंदीचं पत्र आलं. इकडे क्लबानेही अंगाने किरकोळ म्हणून त्याला घेतलं नाही. गिल्बर्ट भूगोलाचा मास्तर झाला. शाळेत रग्बी होती ती पंधरांची, त्यामुळे त्याच्या वाट्याला टेबलटेनिसची पोरं आली. नाव कुणी फोडलं हा विषय घरात कधी निघालाच नाही. पंचावन्न वर्षं दोघे भाऊ नाताळला आणि मयतीला भेटत आले, आणि परसातल्या रुबार्बच्या आंबट भाजीच्या वाफ्यांवर नाहीतर ब्लडप्रेशरवर बोलत आले.

बुधवारी नेव्हिल भावाच्या घरी गेला. गिल्बर्टच्या बायकोने, ईनिडने, दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

“कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“मग बुधवारी कसा आलास?”

गिल्बर्ट स्वयंपाकघरात रुबार्बचे दांडे चिरत होता. नेव्हिल टोपी हातात धरून उभाच राहिला.

“ते नाव मी फोडलं,” तो शेवटी म्हणाला. “चौसष्ट साली. बारमध्ये. मीच.”

गिल्बर्टची सुरी थांबली नाही. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच सोमवारपासून. बारवाल्यानं सांगितलं. बस, उभा का?”

“मग बोलला नाहीस कधी?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. पंचावन्न वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं.”

नेव्हिल बसला. माफीचं जे घोकून आणलं होतं त्यातलं काही आठवेना. “तुझं अख्खं आयुष्य मी...”

“गप रे. बंदीचं दोन वर्षं वाईट वाटलं, मग गेलं. पुढे तू कोच झालास. नऊ वर्षं दर शनिवारी मी समोरच्या पायऱ्यांवर उभा असायचो.”

“तू? मैदानावर?”

“तुझा डावा विंगर दर वेळी दोन पावलं आत यायचा. एकोणऐंशीची सेमीफायनल तिथेच गेली. मला दिसत होतं, तुला नाही. एकदा येऊन विचारायचं होतंस, गिल्बर्ट, तुला काय वाटतं? पण टेबलटेनिसवाल्याला कोण विचारतो.”

नेव्हिलला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. लाजेपोटी तो भावाला टाळत राहिला होता, आणि त्या टाळण्यानेच त्याला दुसऱ्यांदा मैदानाबाहेर ठेवलं होतं.

“आता सांग,” तो म्हणाला.

गिल्बर्टने सुरी बाजूला ठेवली. मग मिठाची बरणी, चमचे आणि उरलेले दांडे टेबलावर लावून त्याने ती सेमीफायनल मांडली. ईनिडने केलेला चहा दोनदा गार झाला. नेव्हिलने एकदाच तोंड उघडलं, “अरे, त्याच्या गुडघ्याला...”

“मध्ये बोलू नकोस,” गिल्बर्ट म्हणाला, आणि अख्खं गाव ज्याचं ऐकत आलं होतं तो माणूस मुकाट ऐकत राहिला.

उठायच्या वेळी नेव्हिलने यादीचं सांगितलं. “जीनला मी काही बोललो नाहीये. तू म्हणशील तसं. नको म्हणालास तर जागा कोरी राहील.”

गिल्बर्टने हात पुसले.

“तिला फोन लाव,” तो म्हणाला.

नेव्हिलने फोन लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

“मिसेस लम? चौसष्टचा तो डावा विंगर. गिल्बर्ट ऑड्सली. लिहून घ्या.”

पलीकडून जीनचा आवाज नेव्हिललाही ऐकू आला. “नक्की ना? तुम्हाला कुणी सांगितलं?”

गिल्बर्टने भावाकडे बघितलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “मीच होतो तो.”