न्हाणीघरातला खर्ज

दातमावशीचं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, पण त्या तोंडांशी तिचं बोलणं कधी झालं नाही.

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या हिरड्यांचा ठसा घेत आणि डब्यात घालून तिच्या कामाच्या खोलीवर पाठवत. तिथे ती एकटी दिव्याखाली बसून मेण वितळवायची, मेणात एकेक दात रोवायची, गुलाबी हिरडी घडवायची, घासून चकाकी आणायची आणि त्याच डब्यातून परत पाठवायची. आपले दात कुणाच्या तोंडात हसताहेत, हे तिला कळायचं नाही. शेवटचा हात फिरवला की ती कवळी तळहातावर धरायची आणि म्हणायची, "देवा, हा जो कोण असेल त्याला नीट चावता येऊ दे. आणि चावायला काहीतरी असू दे." एवढ्याच तिच्या दिवसभराच्या गप्पा.

पन्नाशी उलटली होती. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही असं विचारणारेही आता थकले होते. आई गेल्यापासून घरातल्या दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीला द्यायचे कपडे बसायचे. दातमावशी हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलेलं. तिला ते आवडायचं. निदान कुणीतरी मावशी म्हणतंय.

रविवार मात्र वेगळा होता. रविवारी ती चर्चच्या गायनवृंदात दुसरा आवाज गायची.

दुसरा आवाज म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. गीताची चाल गातो तो पहिला आवाज. लोक घरी जाताना गुणगुणतात ती हीच चाल. दुसरा आवाज तिच्या जरा खालून चालतो आणि तिला आधार देतो. त्याच्याही खाली असतो खर्ज, घराच्या पायासारखा. दुसऱ्या आवाजाला स्वतःची अशी चाल नसते. दोन पायऱ्या वर, एक खाली, मग बराच वेळ जागच्या जागी. एकटा ऐकला तर कुणीतरी कण्हतंय असं वाटतं. पण सगळ्यांबरोबर मिसळला की गीत भरून येतं, आणि मावशीला तेवढा वेळ आपण कुठल्यातरी घरात राहतोय असं वाटायचं.

वृंद चालवायच्या त्या ताई. बाजाही त्याच वाजवायच्या, पहिला आवाजही त्यांचाच. मंडळीत कुणी चुकून सूर लावला तर चष्म्यावरून अशा बघत की तो माणूस पुन्हा तोंड उघडायचा नाही. हळूहळू सगळी मंडळी नुसती ऐकू लागली. वृंदातले एकेक जण गाव सोडून, नाहीतर जग सोडून गेले. शेवटी ताईही मुलाकडे परदेशी गेल्या. उरली एकटी मावशी. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बाजा वाजला नाही, आणि ती समोर उभी राहून तोंड उघडायच्या आत पाळकसाहेबांनी गीत वगळलं.

"मावशी, रागावू नका," त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही समोर एकट्या उभ्या राहता, मलाच कसंतरी होतं."

"मला काही होत नाही. तुम्हाला का होतं?"

"अहो, एकटीला वृंद कसं म्हणायचं? पुढच्या रविवारपासून स्पीकरवर गीतं लावू. तुम्ही आपल्या निवांत बसा."

निवांत! आठवड्याचे बाकीचे दिवस ती दुसरं काय असायची?

"आणि दोघं असलो तर?" तिनं विचारलं.

पाळकसाहेब हसले. "दोघं जमली तरी देव हजर असतो असं मीच सांगत असतो. तिथे मी कोण नाही म्हणणार? पण दुसरं आहे कोण?"

"आहे," मावशी म्हणाली. "कोण ते शोधायचंय."

ही थाप नव्हती. संध्याकाळी कामावरून आली की ती न्हाणीघरात हातावर वाळलेलं ठशांचं प्लास्टर खरवडून धुवायची आणि धुता धुता आपला आवाज घोटायची. न्हाणीघराचा झरोका पाइपांच्या बोळात उघडत होता. गेले काही महिने त्या बोळातून उत्तर यायचं. कुणीतरी खर्ज गुणगुणायचं. शब्द नाहीत, नुसता बंद ओठांतला जाड, स्थिर आवाज. आणि तो चुकत नव्हता. गीत ओळखून नेमका खालचा सूर धरत होता. मात्र तिसऱ्या ओळीच्या आसपास एकदम बंद पडायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा. मावशीनं कधी चौकशी केली नव्हती. विचारलं आणि आवाज थांबला तर, ही भीती होती. आता मात्र गाठ रविवारशी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं तळमजल्यावरच्या काकूंना गाठलं. जिना झाडायचं काम काकूंचं, त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या भानगडीही त्यांच्याच झाडूखालून जायच्या.

"काकू, आपल्या बाजूच्या घरांत गाणारं कोण आहे? जाड आवाजाचा पुरुष."

"गाणारा? दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले घोरतात जाड आवाजात. चालतील?"

"थट्टा नको हो."

"तिसरा मजला बंद आहे. चौथ्यावर घुबडराव. दिवसभर झोपतात, रात्रभर गायब. तोंडातून शब्द काढला तर शपथ." काकूंनी झाडू थांबवला. "पण काय गं, पुरुषच कशाला हवा? या वयात?"

"वृंदासाठी!"

"हो हो, वृंदासाठी," काकू म्हणाल्या आणि जिना सोडून भिंत झाडू लागल्या.

शब्दच न काढणारा माणूस गाणार कुठून, असा विचार करून मावशीनं घुबडरावांवर फुली मारली आणि बँकवाल्यांचं दार वाजवलं. बँकवाले भलतेच खूश झाले. "मी गातो ना!" म्हणाले आणि दारातच सुरू झाले. आवाज इतका बारीक की आतून त्यांची बायको ओरडली, "अहो, कुकर बंद करा!"

मग संध्याकाळी मावशीनं वेगळीच युक्ती काढली. न्हाणीघरात आभाराचं गीत सुरू केलं. बोळातून खर्ज आला. तशी ती गात गातच घराबाहेर पडली. थांबली तर तोही थांबला असता, म्हणून जिना चढतानाही गात राहिली. ओले हात, कोपरापर्यंत साबण. बँकवाल्यांच्या बायकोनं दार उघडून विचारलं, "मावशी, पोटात दुखतंय का?" सूर तोडता येत नव्हता, म्हणून मावशीनं नुसता हात हलवला आणि फेस त्यांच्या दाराला लागला. तिसरा मजला गेला. चौथ्या मजल्यावर दाराआडून खर्ज अगदी जवळ आला. तिनं गात गातच दार वाजवलं.

दार उघडलं. साठीकडे झुकलेला उंच माणूस, अर्धी दाढी फेसात, हातात वस्तरा. तो आश्चर्यानं बघत राहिला, पण खर्ज सोडला नाही. दोघांनी उंबऱ्याच्या दोन बाजूंनी ओळ पुरी केली.

मग तो म्हणाला, "तुम्ही शेवटचा सूर लवकर सोडता."

"आणि तुम्ही मधेच बंद पडता!"

"तिथे नाकाखालची जागा येते. गुणगुणलं तर कापतं."

मावशीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं. जिन्यात ते घुमलं तेव्हा तिची तीच दचकली.

घुबडराव बेकरीत कामाला होते. इतर लोक घरी यायच्या वेळी उठायचे, दाढी करायचे आणि रात्रभर कणीक मळून सकाळी येऊन झोपायचे. आधीच्या गावी ते चर्चमध्ये खर्ज गायचे.

"मग इथल्या चर्चमध्ये का येत नाही?"

"रविवारी सकाळी मी मेल्यासारखा झोपलेला असतो, बाई. देवाची नि माझी भेट स्वप्नातच." ते वस्तरा पुसत राहिले. "बायको होती तेव्हा ती उठवायची. गजराला मी भीक घालत नाही. आता उठवणारं कुणी नाही."

"मी उठवीन," मावशी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिचे कान तापले.

त्यांनी मान हलवली. "दार जोरात वाजवा. मी दगड आहे."

आठवडाभर तालीम झाली, वरच्या न्हाणीघरातून खाली आणि खालच्या न्हाणीघरातून वर. दाराला कडी बसावी तसं आभाराचं गीत बसलं. मावशीला वाटायचं, ताई असत्या तर चष्म्यावरून न बघता चष्म्यातून बघितलं असतं. कामाच्या खोलीत मेण वितळवतानाही ती गायची. एकदा तर देवाशी बोलता बोलता रोग्याऐवजी भलत्याच माणसासाठी प्रार्थना करून बसली, की त्याला रविवारी जाग येऊ दे.

रविवारी तिनं दार जोरात वाजवलं. काकू, बँकवाले, सगळी इमारत उठली. सगळ्यात शेवटी घुबडराव उठले. कोट घातला होता, पण कानामागे पीठ तसंच होतं. "तिथे पीठ आहे," हे सांगायचं मावशीच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

चर्चमध्ये दोघं समोर उभी राहिली. पाळकसाहेबांनी मान डोलावली. मावशीनं सूर घेतला, खाली खर्ज लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. दोघांनाही वाटलं, काय सुरेख चाललंय!

मंडळीत कुजबुज सुरू झाली. गीतपुस्तकांची पानं उलटू लागली. पहिल्या बाकावर एक बहिरे आजोबा बसत. त्यांनी लेकीला विचारलं. आपण हळू बोलतोय अशी त्यांची समजूत असायची.

"कुठलं गीत गं हे?"

"बाबा, हळू."

"हळूच बोलतोय. कुठलं गीत?"

"मलाही कळत नाहीये!"

मावशीनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. तेसुद्धा पानं चाळत होते. आणि मग तिच्या लक्षात आलं.

चाल कुणीच गात नव्हतं. ती दुसरा आवाज गात होती, ते खर्ज. चाल दोघांच्या कानात वर्षानुवर्षं इतकी मुरली होती की ती बाहेर ऐकू येत नाही हे त्यांना आठवडाभर जाणवलंच नव्हतं. छत आहेच असं धरून दोघांनी मन लावून भिंती बांधल्या होत्या. लोकांना ऐकू येत होतं ते फक्त एक कण्हणं आणि त्याखाली दुसरं कण्हणं.

ती थांबली. घुबडराव डोळे मिटून, आनंदात एकटेच खाली घुमत राहिले. कुणीतरी हसलं. मावशीला वाटलं, खाली बसावं. स्पीकर येईल, येऊ दे. निवांत बसावं एकदाचं. जन्मभर दुसऱ्यांच्या आवाजाखाली उभं राहिलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उघडं पडणं सोसत नाही.

पण शेजारचा माणूस झोप मोडून आला होता. तिनं त्यांच्या कोटाची बाही ओढली. ते थांबले.

"मंडळी," ती म्हणाली. "आमची चूक झाली. आम्ही दोघं कायम खालचंच गात आलो. चाल ताईंकडे होती. हे आभाराचं गीत आहे." तिनं श्वास घेतला. "तुम्ही सगळ्यांनी ते इतकी वर्षं ऐकलंय. चाल तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणा. आम्ही खालून धरतो."

लोक एकमेकांकडे, मग आपल्या चपलांकडे पाहू लागले. ताई परदेशात असूनही चष्मा इथेच ठेवून गेल्यासारखं वाटत होतं.

"काय म्हणाली?" बहिऱ्या आजोबांनी विचारलं.

"आभाराचं गीत म्हणा म्हणतायत, बाबा."

"मग आधी सांगायचं ना!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी सुरू केलं. भलत्याच पट्टीत, भलत्याच जोरात. पण चाल तीच होती. मावशीनं आणि घुबडरावांनी घाईघाईनं आपले सूर उचलून त्यांच्याखाली नेले. लेकीनं वडिलांना सांभाळायला म्हणून आवाज मिसळला, तिला सांभाळायला मागच्या बाकानं. शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे गात होते. सुंदर झालं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. दोन बाकं पुढे पळाली, एक मागे राहिलं. पण मावशीच्या अंगावर काटा आला.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "स्पीकरचं राहू दे सध्या," ते म्हणाले. "पण सगळेच गायले तर ऐकणार कोण?"

"काय म्हणाले?" आजोबांनी विचारलं, आणि सगळी मंडळी हसली.

प्रवचन सुरू झालं आणि घुबडरावांचा कणीक मळून थकलेला देह बाकावर कलंडला. मावशी हात मांडीवर ठेवून ताठ बसली. त्यांचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता. तिनं तो हलवला नाही, आणि प्रवचन कशावर होतं ते तिला आजही सांगता येणार नाही.

घरी येताना दोघं फार बोलली नाहीत. पहिल्या मजल्यावर तिचं दार आलं. ते कठड्याला धरून थांबले. डोळे लाल झाले होते.

"पुढच्या रविवारी?" त्यांनी विचारलं.

"तुमची झोप?"

"झोप काय, उरलेला दिवस आहेच." दोन पायऱ्या चढून ते वळले. "पण दार जरा हळू वाजवा. काकू माझ्याकडे बघून हसत होत्या."

वर दार बंद झाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. दुपार नेहमीसारखी लांब होती. मावशी एकटीच जेवली, भांडी घासली आणि न्हाणीघरात हात धुवायला गेली. झरोक्यातून काही येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. कधी नव्हे ते तिनं आभाराच्या गीताची चाल गाऊन पाहिली. वरचा सूर फाटला. तिनं पुन्हा सुरुवात केली, अगदी दबक्या आवाजात, कारण वर कुणीतरी झोपलं होतं.