यशोदेचं मत

विळीवर ओली काजूबी कटकन फुटली, आणि स्वयंपाकघरात सुगंधा दचकली.

हौसाबाईने फुटलेलं साल उचललं, सुनेच्या डाव्या हाताचं बोट मुठीत धरलं आणि नखाजवळच्या शाईच्या रेघेवर चीक चोळू लागली. सकाळीच सुगंधा शाळेत जाऊन मत देऊन आली होती. आता शाई घालवून पुन्हा जायचं होतं, यशोदेच्या नावावर. यशोदा तिची थोरली जाऊ. तीन वर्षांपूर्वी तापाने गेली.

"आये, नाव काढा म्हणान मिया स्वतः सांगलंय," सुगंधा म्हणाली. "मतदारांची याद करूक हरिश्चंद्र मास्तर दारात येवन लिवन घेवन गेले."

पडवीत भाई खाकरला. तो यशोदेचा नवरा, सुगंधाचा थोरला दीर, आणि एका उमेदवाराचा गावातला उजवा हात. भावजयीशी तो कधी थेट बोलत नसे. जे सांगायचं ते आईला सांगे.

"आवशी, हिका सांग, मास्तरान लिवन काय होता? उमेदवारांच्यो येगळ्यो पेट्यो गेल्यो, कागदार मारूचो शिक्को इलो, सगळा नवीन केल्यानी. याद मातर जुनीच. नाव आसा तोवर मत आसा."

"मेलेल्या माणसाचा?"

"हळू गो!" हौसाबाईने मागच्या दाराकडे मान वळवली.

पायरीवर शेवंती काजूचा बोंडू चोखत बसली होती. रस कोपरापर्यंत ओघळला होता. यशोदेच्या या सहा वर्षांच्या लेकीला सुगंधानेच सांगितलं होतं की आवय मुंबईला गेली आहे. वेणी घालताना ती त्यात रोज काहीतरी भर घालायची. पावसात आगबोट बंद असते. शेठाणी रजा देत नाही. पोर ऐकून घ्यायची आणि मान सरळ धरायची.

"माझ्याच्यान होवचा नाय," सुगंधा म्हणाली.

"आवशी, हिका ह्या घरात रवाचा आसा मां?"

हौसाबाईने बोट आणखी घट्ट धरलं. ती चोळत राहिली. शाई निघत गेली, कातडी पांढरी पडली, मग आग होऊ लागली.

शेवंती पदर धरून शाळेपर्यंत आली. तिला खिडकीखाली उभी करून सुगंधा आत गेली.

टेबलामागचा कारकून घाटावरचा होता. त्याने यादीतलं नाव खणखणीत वाचलं, "यशोदा!" मग वर न बघता म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांगा."

स्वतःच्या नवऱ्याचं नाव सुगंधाने आजवर तोंडातून काढलं नव्हतं. थोरल्या दिराचं तर मनातसुद्धा नाही. आता तेच नाव नवऱ्याचं म्हणून घ्यायचं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

एजंटांच्या बाकावरून भाई मोकळेपणाने हसला. "लाजते हो ती. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीच नवरा. बोला, काय विचारायचंय?"

खोलीभर हशा पिकला. समोरच्या उमेदवाराचा एजंट बाबलीही हसला. त्याची वारलेली चुलती रुक्मिणी सकाळी पहिल्या रांगेतच मत देऊन गेली होती.  

कारकुनाने फोड आलेलं बोट पाहिलं. "हे काय?"

"काजूचा चीक."

त्याने भाईकडे पाहिलं, बाबलीकडे पाहिलं आणि शेजारच्या बोटाला शाई लावून लोकसभेचा आणि विधानसभेचा असे मताचे दोन कागद पुढे केले.

गोणपाटाच्या आडोशामागे तिने शिक्का उचलला. सकाळी हाच शिक्का तिने किती जपून दाबला होता, शाई फुटू नये म्हणून वर फुंकर घातली होती. आता तिने तो हळूच जागेवर ठेवला. यशोदेचे दोन्ही कागद तसेच कोरे दुमडले आणि बाहेर येऊन पेटीत टाकले. बाकावर भाईने समाधानाने मान डोलावली.

बाहेर येऊन तिने हात वाळूत घासला, पुन्हा घासला. बोट झोंबत होतं.

शेवंती धावत आली. गाल लाल, डोळ्यांत काहीतरी चमकत होतं.

"काकी, आवयचा नाव घेतल्यानी! मिया आयकलंय खिडकीतसून! मत देऊक इल्ली मा ती?"

सुगंधा खाली बसली. पोरीच्या झग्याचं सुटलेलं बटण लावू लागली. ते काही केल्या लागेना.

"सांग मगे, माका भेटल्याशिवाय कित्याक गेली?"