उंबऱ्याबाहेरचं कुलूप

“सिंधू, हत्यार उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही. एकदा आत आलं का मंग घरातला माणूस त्याची राखण करत बसते. ध्यानात ठेव.”

प्रेमानंद हे बोलले होते अंगणातल्या बाजेवर बसून, ड्यूटीवरून आल्यावर पायातले मोजे ओढून काढता काढता. पोलिसात हवालदार होते. बंदूक त्यांनी हाताळली नव्हती असं नाही. पण पहारा संपला की ती ठाण्यात जमा करायची आणि मोकळ्या हातानं घरी यायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी एका सोबत्याच्या घरी काहीतरी झालं होतं. काय ते त्यांनी पुरतं कधी सांगितलं नाही, सिंधूताईंनीही खोदून विचारलं नाही. “नाही येऊ देणार,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढं प्रेमानंद गेले. शब्द मात्र घरातच राहिला.

सून दीप्ती, तीही पोलिसात. प्रेमानंदांना तिचं मोठं कौतुक होतं. गेल्या थंडीत दूरच्या एका शहरात भर बाजारात अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. तिथं उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात फक्त लाठी होती. मोबाइलवर फिरत आलेला तो व्हिडिओ दीप्तीनं एकदाच पाहिला आणि त्यानंतर दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. मग तिच्या ठाण्यात हुकूम आला, की गर्दीच्या जागी बंदोबस्ताला जाणाऱ्यांनी पिस्तूल बाळगायचं, आणि बोलावणं कधीही येऊ शकतं म्हणून ते घरीही सोबतच ठेवायचं. काही बाजारांच्या फाटकांवर तालीम दिलेले, परवाना असलेले निवृत्त फौजीही उभे राहू लागले. पानठेल्यावर यावरून रोज वाद. कोणी म्हणे, शहाण्या माणसांच्या हाती हत्यार द्यावंच. दुसरा विचारी, शहाणा कोण ते ठरवणार कोण? तोंडात पान असल्यानं वाद लवकर मिटत नसे.

“आई, मले ते घरी आणा लागते,” दीप्ती म्हणाली. सिंधूताईंनी तिला प्रेमानंदांचा शब्द सांगितला. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मग हळूच म्हणाली, “बाबांच्या वेळेस समोरचाही काठ्या-गोटे घेऊनच येत होता ना.”

सुनेनं रिकाम्या हातानं मरावं असं कोणती सासू म्हणेल? पिस्तूल दीप्तीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात राहील, किल्ली तिच्याच जवळ राहील, असं ठरलं. शब्द मोडला.

पण प्रेमानंद म्हणाले होते तसंच झालं. सिंधूताई पहाटे अंघोळ करून बुद्धमूर्तीपुढं बसायच्या, मेणबत्ती लावायच्या, त्रिशरण-पंचशील म्हणायच्या. लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा नेम, आजारपणातही चुकवला नव्हता. एकदा वंदना सुरू केली की मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. दारात कोणी आलं तरी ते थांबे. आता मात्र तोंडानं गाथा चाले आणि ध्यान भिंतीपलीकडच्या कपाटात. कुलूप लागलं असेल ना? शेजारचं पोर आत गेलं नाही ना? ‘जीवहत्येपासून अलिप्त राहीन’ असं म्हणताना जीभ त्या शब्दावर जरा अडखळायचीच.

वैशाखी पौर्णिमा आली. सिंधूताईंनी पहाटेच विहारात जाऊन भंतेजींकडून अष्टशील घेतलं. पांढरं लुगडं, दुपारी बाराच्या आत एकदा जेवण, दिवसभर खोटं बोलायचं नाही, वाईट बोलायचं नाही. घरी आल्या तर दीप्ती रात्रीचा बंदोबस्त करून परतलेली. वर्दीचा शर्ट तेवढा काढून खुर्चीवर टाकला होता, आणि बाई बाहेरच्या खोलीतच, कूलरसमोर चटईवर आडवी झाली होती. कपाटापर्यंत जायचंही त्राण उरलं नव्हतं. पिस्तुलाचा पट्टा खुर्चीच्या पाठीला लटकत होता, थेट मूर्तीच्या समोर.

सिंधूताईंनी तिला उठवायचं मनात आणलं. तिच्या तळव्यांना पडलेल्या भेगा पाहिल्या आणि उठववलं नाही. झोपू दे लेकराला.

मग त्यांनी एक गोष्ट केली. पुढं कितीदा तरी त्यांना वाटलं, की तेव्हा आपल्याला ती फार शहाणपणाची वाटली होती. खुंटीवरचा प्रेमानंदांचा जुना दुपट्टा घेतला, पट्ट्यासकट ते पिस्तूल त्यात गुंडाळलं. अंगणात दीप्तीची मोपेड उभी होती. तिच्या डिक्कीत ते ठेवलं, कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. उंबऱ्याच्या बाहेर म्हणून नवऱ्याचा शब्द राहिला, कुलपात म्हणून सुनेचा कायदा राहिला. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, रोजच्यासारखी. बऱ्याच महिन्यांनी मन हलकं झालं. त्या वंदनेला बसल्या.

गाडीला चाकं असतात, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुलगा सुशील कूलर दुरुस्तीची कामं करायचा. मे महिन्यात त्याला पाणी प्यायला फुरसत नसे. पण विहारातल्या भोजनदानाची भाजी आणायचं त्यानं कबूल केलं होतं. त्याची मोटारसायकल पंक्चर. सिंधूताई गाथा म्हणत होत्या तेव्हा खिळ्यावरची किल्ली खळकन वाजली. अंगणात मोपेड सुरू झाली.

त्यांचे डोळे उघडले. तोंड थांबलं नाही. इतक्या वर्षांत मध्ये उठल्या नव्हत्या, आज अष्टशील घेतलेल्या दिवशी कशा उठणार? कोपऱ्यावर दुधाला गेला असेल, असं स्वतःला समजावलं. गाथा भराभर झाली. शेवटचं ‘साधु साधु साधु’ म्हणून त्या अंगणात आल्या, तेव्हा मोपेडचा आवाजही उरला नव्हता.

सुशीलला फोन लावला तर तो घरातच, कूलरमागं चार्जिंगला लावलेला वाजू लागला. त्या आवाजानं दीप्ती जागी झाली. तिनं आधी खुर्चीकडे पाहिलं.

“मी ठेवलं,” सिंधूताई म्हणाल्या. “डिक्कीत. सुशील गाडी घेऊन गेला.”

दीप्तीनं पायात चपला सरकवल्या. प्रताप नगरच्या चौकात ऑटो मिळाला. मनीषनगरकडच्या नव्या भाजीबाजाराचं नाव तिनं दोनदा सांगितलं. वाटेत ती सासूवर रागावली असती तर बरं वाटलं असतं. ऑटोत गरम वारा अंगावर येत होता, आणि सिंधूताई पदर हातात धरून मनातल्या मनात एवढंच मागत होत्या, की डिक्की कोणी उघडू नये.

डिक्की उघडली गेली होती.

फाटकाजवळ घोळका होता, पण आता तो पांगत होता. सुशील बटाट्याच्या पोत्यावर बसला होता, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर एक विचित्र हसू. त्याच्यासमोर खुर्चीवर, दंडाला पहारेकऱ्याची पट्टी बांधलेला एक उंच म्हातारा. मनोहरराव त्यांचं नाव. फौजेतून निवृत्त झालेले, तालीम घेऊन या फाटकावर उभे राहणारे. दुपट्ट्यात गुंडाळलेलं पिस्तूल त्यांच्या मांडीवर होतं.

काय झालं ते सुशीलनंच सांगितलं. पौर्णिमेची गर्दी म्हणून सगळ्यांच्या डिक्क्या पाहत होते. त्याला वाटलं आत आपला पाना-पेचकस असेल, म्हणून त्यानं हसत उघडून दिली. दुपट्टा सुटला तसा तोच चकित होऊन वाकला आणि हात आत घातला. मान वर केली तर म्हाताऱ्याच्या पिस्तुलाची नळी त्याच्या छातीवर. हात वर कर, म्हातारा ओरडत होता. सुशीलला हात वर करायचंही सुचलं नाही.

“मी म्हटलं, काका, मी कूलरवाला. तुमचा पंप मीच बदलून दिला ना.” त्याला हसू आवरत नव्हतं. “तेवढंच सुचलं वं मले.”

मनोहरराव हसले नाहीत. दीप्तीनं ओळखपत्र दाखवलं, त्यांनी ते चष्मा लावून नीट वाचलं, मग पिस्तूल तिच्या हाती दिलं.

“बेटा, बोट घोड्यावर गेलं होतं माझं,” ते म्हणाले. “पुरी जिंदगी फौजेत काढली. तिथं समोर कोण आहे ते माहीत राहे. इथं सगळे वांगे घ्यायले येतात.”

दीप्तीनं विचारलं, मग उद्यापासून उभे राहणार नाही का? त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. राहीन, म्हणाले, खरंच कोणी आलं तर या बायका भाजी सोडून कुठं पळतील? मग सिंधूताईंच्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहून हात जोडले. “मी कोणाले काही नाही सांगत, ताई. तुम्ही पोराले घरी न्या.”

सिंधूताईंनी हात जोडले. त्यांना त्या माणसाचा राग करता येईना, त्याला दुवा देता येईना. मुलगा जिवंत होता तो एका कूलरच्या पंपामुळे.

घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. आता उद्या सकाळपर्यंत जेवण नाही. तशी भूकही नव्हती. सुशील दोन घास खाऊन कामावर गेला. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कोणाले सांगू नका आता, झालं ते झालं. त्याचा हात नेहमीपेक्षा जड वाटला.

दीप्ती दुपारच्या ड्यूटीसाठी वर्दी घालू लागली. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाली, “मी आजच ठाणेदार साहेबाले सांगणार आहो. लपवलं तर उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी हेच होईल. डिक्कीत मीच विसरली, असं सांगते.”

“तू विसरली नव्हती. तू झोपली होती.”

“आई, तुमचं नाव घेतलं तर तुमच्यावर केस होऊ शकते. सरकारी हत्यार आहे ते.”

“अन् तू विसरली म्हटलं तर?”

दीप्तीनं आरशात पाहून टोपी नीट केली. “नोकरी जाईल. फार तर.”

फार तर, ती म्हणाली, जसं काही वरणात मीठ जास्त झालं. ही नोकरी मिळवायला पोरीनं तीन उन्हाळे मैदानावर धावून काढले होते. तेव्हा तिचे पाय शेकायला कोमट पाणी सिंधूताईंनीच केलं होतं.

“आज माझं शील आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी तू खोटं बोलशील, तर ते खोटं मलेच लागते. तू पुढं हो. मी येत नाही तोवर साहेबाले काही सांगू नको. मी येते. शब्द देते तुले.”

“या उन्हात? जेवल्याही नाही तुम्ही.”

“शब्द देऊन राहिली ना मी.”

दीप्ती उंबऱ्यात थांबली. पिस्तूल कमरेला लावून बाहेर पडली आणि मोपेड घेऊन गेली. आज ते घरात नव्हतं, तरी कपाटाकडे सिंधूताईंची नजर गेलीच.

त्या जरा वेळ मूर्तीपुढं बसल्या. साहेबापुढं काय बोलायचं तेवढं मनाशी जुळवत होत्या. ते उचलणारी मी, ठेवणारी मी. पोरीले माहीत नव्हतं. केस करायची तर माझ्यावर करा. आणि साहेब, एक विचारू का? ड्यूटीवर तिच्याजवळ ते असू द्या, मी नाही म्हणत नाही. पण ड्यूटी संपल्यावर ते ठेवायले तुमच्या ठाण्यात एक कुलूप नाही का? माझ्या मालकाच्या वेळेस होतं.

बाहेर अंगण तापलं होतं. त्यांनी टोपलीतला एक कांदा लुगड्याच्या ओच्यात खोचला, ऊन लागू नये म्हणून. प्रेमानंदांचा दुपट्टा खुर्चीवर पडला होता. झटकला. पिस्तुलाचं तेल एका कोपऱ्याला लागलं होतं, ते तसंच राहू दिलं. डोक्याला, कानांभोवती तो घट्ट बांधला आणि दार ओढून घेतलं.

गल्लीत कोणी नव्हतं. भिंतीच्या कडेला वीतभर सावली होती. तिच्यातून पाऊल टाकत सिंधूताई ठाण्याच्या वाटेला लागल्या.