उजव्या हाताचा हेका

वैदेही कॉलेजात मराठी शिकवायची. नुकतंच तिनं वर्गात सांगितलं होतं, “हेका म्हणजे कारण नसताना धरलेला हट्ट. कथा-कादंबऱ्यांत बघा, कौतुक करायचं असलं की लेखक ‘जिद्द’ लिहितो. ‘हेका’ मात्र खाष्ट सासूच्या वाट्याला!” वर्ग हसला, तीही हसली. हसायला काय जातंय? नमुना तर तिच्या घरातच होता.

तिच्या सासूबाई, दिवाळे कोळीवाड्यातल्या पुतळाबाई. होळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय थोडाफार सावरला, पण उजवा हात लुळाच राहिला. आणि बाईंनी हेका काय धरावा? नारळी पौर्णिमेला घरचा नारळ खाडीला मीच देणार, तोही उजव्या हातानं. नारळ गेल्याशिवाय होडी बाहेर पडायची नाही, आणि यंदा पहिल्यांदाच मिथुन, त्यांचा एकुलता एक लेक, स्वतःची होडी घेऊन दर्यात जाणार होता.

“आई, यंदा मी देते ना,” वैदेहीनं समजावलं. “नाहीतर डाव्या हातानं द्या.”

“देवाला डाव्या हातानं कोन देतं गो?”

झालं! विषय संपला. मिथुननं बायकोकडे बघून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर करवंटी आली. बाई ती उचलायच्या, ती पडायची, बाई पुन्हा उचलायच्या. सकाळ-संध्याकाळ नुसता खडखडाट! शेजारीपाजारी वैतागले. त्यापेक्षा वर्गात वह्या तपासत बसलेलं बरं, असं वैदेहीला वाटायचं. मग करवंटीच्या जागी बटाटा आला आणि श्रावण लागला तसा नारळ. तो तर रोज पडायचा.

पौर्णिमेला जेट्टीवर बँजो जोरात वाजत होता. पुतळाबाई सोनेरी कागदातला नारळ घेऊन शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. वैदेहीनं दंड धरायला हात पुढे केला.

“हात लावू नको.”

उजवा हात हळूहळू वर आला. थरथरत होता नुसता! नारळ बोटांतून घसरू लागला, पण बोटांनी तो पुन्हा आवळला. कुणीतरी बँजोवाल्यांना गप्प केलं. बाई पाण्याकडे वाकल्या.

“दर्याराजा, माजा पोर तुज्या हवाली करतंय. सांबाल त्याला.”

नारळ पडला नाही. त्यांनी तो अलगद पाण्यावर ठेवला.

वैदेहीला वर्गातलं आपलं वाक्य आठवलं. म्हणे कारण नसताना! ते कारण तर पलीकडे होडीत उभं राहून डोळे पुसत होतं. बाई गं, केवढा हा हेका! त्या शब्दापुढे तिला हात जोडावेसे वाटले.

पुतळाबाई मात्र वळल्याही नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आता धर गो मना. मगासपासून पाय लटपटतान.”

वैदेहीनं धावत जाऊन त्यांना मिठीत धरलं.