जिन्यावरचा माणूस

"पुड्या कशासाठी घेत होता, ते सांगा," डॉक्टर श्रेया पुन्हा म्हणाल्या.

कय्युम टेबलाच्या कडेकडं बघत बसला. पायांवरची सूज, तोंडाची कोरड, सारखं लघवीला उठावं लागणं, हे सगळं त्यानं सांगून टाकलं होतं. पुड्या अंगात ताकद यावी म्हणून, एवढंच तो म्हणाला. डॉक्टर त्याच्या लेकीच्या, अरफाच्या वयाच्या होत्या. शिवाय दारात पुढचे पेशंट उभे होते.

शेजारी बसलेल्या वहिदानं डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"मी सांगते, डॉक्टर. ह्यांना माझ्याजवळ येता येत नाय. लई दिवस झाले. मला वाटायचं, माझ्यावर राग हाय. ह्यांना वाटायचं, मर्दानगी गेली. त्याच्यावरच्या पुड्या हायेत त्या."

कय्युमच्या कानशिलांवरून घाम निथळला. पण डॉक्टर हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. खोकल्याबद्दल ऐकावं तसं त्यांनी ऐकलं, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

कय्युम शेख हर्सूलला राहायचा आणि कूलर दुरुस्त करायचा. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसायची. लोक गच्च्यांवरून हाका मारून त्याला बोलवायचे. हसरा माणूस म्हणून तो गल्लीत ओळखला जायचा. ते हसणं कमी झालं तेव्हा वहिदाला ते सगळ्यांत आधी कळलं. तो उशिरा घरी येऊ लागला. उकाड्याचं निमित्त करून गच्चीवर झोपू लागला, आणि थंडी पडली तरी खाली आला नाही. तिनं विचारलं तर वसकन अंगावर यायचा.

ज्याच्याबद्दल तो बायकोशी बोलू शकत नव्हता, ते त्यानं बसस्टँडमागच्या एका माडीवरच्या वैद्याला सांगितलं. खाली चपलांचं दुकान, वर 'पुरुषांचे सर्व गुप्त विकार' अशी पाटी. वैद्यानं ना बोट टोचून रक्त बघितलं, ना काही तपासलं. तरुणपणी हातून चुका झाल्या असतील, असं म्हणाला. कय्युमनं मान खाली घातली, कारण तसल्या चुका कुणाच्या हातून होत नाहीत? मग पुड्या सुरू झाल्या. सुरुवातीला अंगात जोर आल्यासारखं वाटलं, तोंडावर बाळसं आलं. ते बाळसं म्हणजे सूज होती. एका सकाळी पाय बुटात शिरेनात, तेव्हा वहिदानं आणखी काही न विचारता रिक्षा बोलावली आणि त्याला घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

तपासण्यांचे रिपोर्ट आले. शुगर कित्येक वर्षांची होती, कुणी पाहिलीच नव्हती. तिनं नसा धरल्या होत्या.

"पायाच्या नसांना होतं तसंच तिथल्या नसांना होतं," डॉक्टर म्हणाल्या. "चुकांचा ह्यात काही संबंध नाही. पुड्यांत स्टेरॉइड असावं, असा आमचा अंदाज आहे. त्यानं शुगर आणखी चढली, आणि मूत्रपिंडांना मार बसलाय."

"ती बरी होतील?" वहिदानं विचारलं.

"गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते जपायचं."

आणि बाकीचं? कय्युमनं हे स्वतःच्या तोंडानं विचारलं. पहिल्यांदाच. त्यावर उपचार असतात, डॉक्टरांनी सांगितलं, पण आधी शुगर ताब्यात येऊ द्या. पहिल्यासारखं होईल असं वचन मात्र त्यांनी दिलं नाही, आणि त्याला ते बरं वाटलं. वचनं त्यानं माडीवर पुष्कळ ऐकली होती.

बरं वाटायला लागल्यावर तो पोलीस चौकीत तक्रार करायला गेला. पावती आहे का, कुणी साक्षीदार आहे का, असं त्याला विचारण्यात आलं. असल्या ठिकाणी साक्षीदार घेऊन कोण जातं? बघू, असं उत्तर घेऊन तो परतला. बरोबरीनं काम करणारा बन्सी म्हणाला, सोड, जीव वाचला हे काय कमी हाय. कय्युमनं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी काम आटोपून तो त्या माडीच्या जिन्यावर जाऊन बसला.

त्यानं काही विशेष केलं नाही. येणारी माणसं मान खाली घालून, कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत यायची. जिन्यात माणूस बसलेला दिसला की निम्मी तिथूनच वळायची. उरलेल्यांना तो हळू आवाजात विचारायचा, "शुगर तपासली का, भाऊ?" कुणी शिवी द्यायचं, कुणी ऐकलंच नाही असं करून वर जायचं. तो रोज जाऊ लागला.

चार-सहा दिवसांनी वैद्याचा माणूस, साहेबराव, खाली आला. आधी त्यानं गोड बोलून पाहिलं. मग दुकानासमोरच्या गर्दीत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कय्युमभाई, गुमान घरी जा. नाहीतर तुम्ही इथं कशापायी येत होते, ते साऱ्या हर्सूलला सांगीन मी."

कय्युम उठला. कठड्याला धरून उठायला त्याला वेळ लागला.

"तू कशाला तरास घेतो? मीच सांगतो," तो म्हणाला, आणि रस्त्याकडं तोंड करून त्यानं आवाज चढवला. "मी कय्युम शेख. हर्सूलला राहतो, कूलर दुरुस्त करतो. मला शुगर हाय. तिच्यापायी बायकोजवळ जाता येत नव्हतं, म्हणून मी ह्यांच्याकडं आलो. ह्यांच्या पुड्यांनी माझी मूत्रपिंडं गेली. आता घाटीत इलाज चालू हाय."

मग तो साहेबरावकडं वळला. "आणखी काही राहिलं असेल तर तू सांग."

साहेबराव वर निघून गेला. चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं हातातल्या चपला तशाच धरून उभी होती. कय्युम पुन्हा जिन्यावर बसला.

गोष्ट त्याच्याआधी घरी पोचली. वहिदाच्या भावानं फोन करून तिला झापलं, खानदानाची इज्जत बाजारात मांडली म्हणाला. वहिदानं त्याला म्हटलं, "आजारी माणूस आपला आजार सांगतोय, चोरी नाय." आणि फोन ठेवला. गल्लीतल्या दोन घरांनी कूलरचं काम दुसऱ्याला दिलं. कय्युमला ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा वहिदानं पाण्याची बाटली आणि गोळ्या त्याच्या पिशवीत घातल्या.

त्या दिवशी देवगाव रंगारीहून कारभारी नावाचे एक गृहस्थ आले. पन्नाशीपुढचे, डोक्याला पांढरी टोपी. कय्युमनं विचारताच ते भडकले. तुला काय करायचंय, तू कोण, म्हणत तरातरा वर चढले. पण मधल्या वळणावर त्यांना दम लागला. थोडा वेळ तिथंच उभे राहिले आणि मग सावकाश खाली आले. कय्युमनं सरकून जागा केली, पाण्याची बाटली पुढं धरली. त्यांनी ती जवळजवळ रिकामी केली.

"तहान लई लागते का, मामा?"

कारभारींनी मान हलवली. घाटीत शुगर तपासतात, असं कय्युमनं सांगितलं.

"तिथं बाईमाणूस असतंय का डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"असतंय."

"मग कसं बोलावं माणसानं?"

"माझ्या वेळी बायको बोलली," कय्युम म्हणाला. "मला नाय जमलं."

दोघं रिक्षानं घाटीत गेले. फाटकापासून आतपर्यंतचं अंतर कय्युमला आता मोठं वाटायचं. कारभारी त्याच्या चालीनं चालले, पुढं गेले नाहीत.

केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी नाव, गाव, वय विचारलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "काय त्रास आहे?"

मागं बायाही उभ्या होत्या. कारभारींनी कय्युमकडं पाहिलं. कय्युम मुद्दामच दुसरीकडं बघत राहिला.

कारभारींनी टोपी काढून हातात घेतली, घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली.