ताईंना विचारा

भाजीच्या दुकानात पाठीमागून कुणी "ताई!" म्हणून हाक मारली की हल्ली ताई मागे न बघता पाय उचलायच्या. एके काळी याच हाकेने त्यांना बरं वाटे. आता हाक मारणारा माणूस पुढे काय बोलणार, हे त्यांना पाठ झालं होतं.

"ताई, काल फोनवर किती छान समजावून सांगितलंत हो!"

आणि ताईंनी काल कुणालाही काहीही समजावून सांगितलेलं नसे. काल त्या ऑफिसच्या मागच्या खोलीत एकट्या बसून नखं कापत होत्या.

समजावून सांगितलं होतं ते यंत्राने, ताईंच्या आवाजात. ज्या करसल्लागाराच्या ऑफिसात ताईंनी उभी हयात घालवली, तिथला जुना नंबर फिरवला की आता एक गोडमिट्ट आवाज येई, "नमस्कार, मी ताई बोलतेय. सांगा, काय मदत करू?" लोकांची वर्षाची विवरणपत्रं तोच भरी, प्रश्न तोच विचारी, सवलती तोच सांगे. बाहेर पाटीवर ताईंचा मोठा फोटो आणि खाली ठळक अक्षरं, 'ताईंना विचारा'. फोटोतले दात कुणीतरी जरा जास्तच पांढरे करून ठेवले होते. त्या पाटीखालून आत जाताना ताईंना स्वतःच्याच तोंडाची शिसारी येई.

त्या इथे नोकरीला लागल्या तेव्हा विवरणपत्रं हाताने भरत. कार्बन घालून तीन प्रती काढायच्या, आणि एक आकडा चुकला की तिन्ही फाडायच्या. मालक, म्हणजे थोरले साहेब, भारी कडक. शाईचा डाग पडला तरी बोलणी बसत. पण माणूस समोर येऊन बसला की त्याला मिळकतीचं आधी कधीच विचारत नसत. "घरी कसं काय?" हा पहिला प्रश्न. "अहो, कर म्हणजे घरातल्या भानगडी," ते म्हणत. "कोण जन्मलं, कोण गेलं, कोण वेगळं निघालं, हे कळल्याशिवाय आकडा बसत नाही." ताईंनीही तेच उचललं. समोरच्याच्या घरातलं कुणी गेलेलं असलं तर त्या पेनाला टोपण लावत, पाण्याचा पेला पुढे सरकवत आणि त्याला बोलेल तेवढं बोलू देत. कागद मग दुसऱ्या खेपेला. कुणी याला वेळेचा अपव्यय म्हटलं असतं तर थोरल्या साहेबांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

मग बेरजा करायचं यंत्र आलं, कागदाची सुरळी ओकणारं. ते ताईंना आवडलं, कारण संध्याकाळी डोकं दुखायचं थांबलं. मग कॉम्प्युटर आला. त्याला धूळ सोसत नाही म्हणून त्याला गार हवेची वेगळी खोली, आणि माणसं बाहेर घामाच्या धारांत. तेही ताईंनी गोड मानून घेतलं, चाळिशी लावून शिकल्या, तरण्या पोरांच्या पुढे गेल्या. पण मग माणसंच यायची बंद झाली. त्यांच्या पावत्यांचे फोटो तेवढे येऊ लागले. पावतीच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, कुठे मागे उष्टं ताट. आता अंगठ्याला कसं विचारायचं, घरी कसं काय म्हणून?

थोरले साहेब गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मुलगा बसला. ताई त्याला मनातल्या मनात चिरंजीव म्हणत. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची या चिरंजीवांना खोड होती, आणि तो हात कायम दमट असे. एक दिवस तोच हात ठेवून ते म्हणाले, "ताई, तुमचा आवाज ही आपली खरी इस्टेट आहे. ती जपायला नको?"

ताई हुरळल्या. करार त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचला आणि वाचूनसवरून सही केली. साठी उलटलेल्या बाईच्या आवाजाचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. मग भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बसून त्यांनी आठवडाभर वाक्यं वाचली. 'अभिनंदन' हा एकच शब्द त्यांच्याकडून किती तऱ्हांनी म्हणवून घेतला! काचेपलीकडची हेडफोनवाली पोरगी सारखी सांगे, "आणखी आनंदाने, ताई. लॉटरी लागल्यासारखं म्हणा." ताईंना तेव्हा हसू आवरत नव्हतं.

आता तो शब्द दिवसभर भिंतीपलीकडून, फोन तपासणाऱ्या पोरांच्या स्पीकरमधून ऐकू येई. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. ताईंच्या जेवणाच्या डब्यावरची वासना उडाली होती.

त्यात अलीकडे त्यांच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता, तो धाकट्या बहिणीचा. मेहुणे कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं खाणंपिणं, हगणंमुतणं, सगळं धाकटीने एकटीने काढलं. ते गेल्यावर ती ताईंना रोज संध्याकाळी घरी फोन करी. बोलत फार नसे, नुसतं "आहेस ना?" विचारी आणि ठेवून देई. आणि एक दिवस फोन बंद. ताईंनी केला तर उचलेना. दोनदा ताई तिचे जिने चढून गेल्या. आत रेडिओ चालू होता, पण दार उघडलं नाही. आईच्या माघारी ताईंना रक्ताचं म्हणून तेवढं एकच माणूस उरलेलं. आपण हिचं काय घोडं मारलं, हे त्यांना काही केल्या कळेना.

महिन्याच्या बैठकीला ताईंना शोभेपुरतं बोलावत. त्या दिवशीही बोलावलं. चिरंजीव खुशीत होते.

"आज एक नमुना ऐकवतो," ते म्हणाले. "नावगाव काढून टाकलंय. बाई रडतेय, विषय सोडून भरकटतेय. आपल्या ताई गाडी कशी रुळावर आणतात बघा."

त्यांनी बटण दाबलं.

"नमस्कार, मी ताई बोलतेय."

"अगं, मीच."

"हो, बोला."

ताईंच्या हातातला कप ओठांपर्यंत पोचलाच नाही. ते "अगं, मीच" त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या.

"बोला काय, बोला?" धाकटी म्हणत होती. "कुणी बसलंय वाटतं समोर? बरं, मग तू नुसती ऐक. विवरणपत्रासाठीच केला होता फोन, पण आता सांगूनच टाकते. तोंडावर नसतं सांगता आलं." मग तिने नाक ओढलं. "हे गेले ना, तेव्हा मला रडूच आलं नाही गं. मी खिडकी उघडली आणि झोपले. गाढ झोपले, कित्येक वर्षांनी. सुटले, असं वाटलं मला. ताई, मी वाईट आहे का? सांग ना. वाईट आहे?"

आणि स्पीकरमधून ताईंचा आवाज आला, स्वच्छ, हसरा.

"अभिनंदन! तुमचे पती हयात नसल्यामुळे यंदा तुम्ही वाढीव सवलतीस पात्र आहात. सवलत हवी असल्यास 'हो' म्हणा."

"अगं ताई?"

"कृपया 'हो' म्हणा," आवाज पुन्हा तेवढ्याच गोडीने म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली.

"धन्यवाद. तुमचा दिवस आनंदात जावो."

चिरंजीवांनी टाळी वाजवली. "एका फोनमध्ये काम फत्ते! माणूस असता तर तासभर रडगाणं ऐकत बसला असता." इतरांनीही टाळ्या वाजवल्या. "खिडकी उघडून झोपली म्हणे," कोपऱ्यातला एकजण म्हणाला, आणि दोघंतिघं फिस्सकन हसले.

ताईंच्या घशाशी खरोखरच आलं. त्यांनी कप खाली ठेवला, तोंडावर रुमाल दाबला आणि तो ओकारा कसाबसा आत ढकलला. या खोलीची, या हसणाऱ्या तोंडांची, या गुळगुळीत टेबलाची त्यांना अशी किळस आली की कशाला हात लागू नये.

"पुसून टाका ते," त्या म्हणाल्या.

"काय, ताई?"

"माझी बहीण आहे ती."

चिरंजीवांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. ते उठून जवळ आले आणि खांद्यावर हात ठेवला. "सॉरी हं, खरंच सॉरी. पण नाव काढलंय ना, कुणाला कळतंय? आणि आता पुसून काय होणार? यंत्र त्यावरून शिकलंसुद्धा. तसं बघितलं तर तुमच्या बहिणीचं भलंच झालं की. सवलत मिळाली."

"हात काढा आधी."

त्यांनी काढला.

"माझा आवाज बंद करा. आजच्या आज."

"तसं करारात नाही, ताई. तुम्ही तर वाचला होता."

वाचला होता. आवाज कायमचा ऑफिसचा, हे कलम ताईंना अजून पाठ होतं. त्यांनी पिशवी उचलली. "उद्यापासून मी येणार नाही," त्या म्हणाल्या.

"काही हरकत नाही. आराम करा तुम्ही," चिरंजीव म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. ताई असल्या काय नि नसल्या काय, त्यांचं काही अडणार नव्हतं. खाली उतरताना ताईंना त्यांचा जेवढा संताप आला, त्याहून जास्त स्वतःच्या त्या हुरळण्याची घाण वाटली.

बहिणीकडे जाताना वाटभर त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपण नव्हतो म्हणून सांगावं, तर तिच्या मनातली इतकी खोल गोष्ट चव्हाट्यावर वाजवली गेली, हेही सांगावं लागणार. न सांगावं, तर 'सख्ख्या बहिणीने माझ्या तोंडावर अभिनंदन म्हटलं' हे घेऊनच ती जगणार. यंत्राविषयी ताईंनी तिला कधी चकार शब्द सांगितला नव्हता. आधी मेहुण्यांच्या दुखण्यात सवड झाली नाही, नंतर लाज वाटली. वर कराचं काय ते ऑफिसच्या नंबरवर विचारायचं, घरी नाही, हा नियमही ताईंनीच घातलेला.

या वेळी त्यांनी दार इतकं बडवलं की शेजारचे बाहेर आले. तेव्हा कुठे धाकटीने उघडलं. ती निम्मी झाली होती.

"आलीस?" ती म्हणाली. "आणखी एखादी सवलत राहिली का?"

ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यंत्र, करार, पाटी. मग बैठक, टाळ्या आणि ते हसणंही. काही राखून ठेवलं नाही. धाकटी दाराची कडी धरून ऐकत राहिली.

"म्हणजे तू नव्हतीस."

"नव्हते गं. तुझी शपथ, मी नव्हते."

ताईंना वाटलं, आता ही रडेल, गळ्यात पडेल, गेला बाजार चार शिव्या तरी हासडेल. धाकटी नुसती खुर्चीवर बसली.

"मग मी ते सांगितलं कुणाला?"

ताई तिच्यापुढे खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मला सांग," त्या म्हणाल्या. "आता सांग. मी ऐकतेय."

धाकटीने तोंड उघडलं. काहीतरी ओठांपर्यंत आलेलं दिसलं. मग तिने डोळे मिटून घेतले आणि हात सोडवून घेतले.

"नाही गं होत," ती म्हणाली. "एकदाच धीर झाला होता मला. आणि तू जरा वेळ बोलू नकोस, ताई. तू बोललीस की मला तीच बाई ऐकू येते. बसायचं तर बस."

ताई बसून राहिल्या. 'चूक माझी आहे' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण ते त्याच आवाजात म्हणावं लागलं असतं, म्हणून त्यांनी ते गिळलं.