भालदाराच्या तोंडावरची रेघ

"मामा, ह्यो बी ओके?" भाग्यश्रीने विचारले.

"ओके की." आकारामने भिंग खाली ठेवले आणि डोळे चोळले.

बोटाएवढा धातूचा भालदार. अकरा तुकडे, एक डबी. हौशी गिऱ्हाइकाने ते घरी बसून कानसायचे, जोडायचे, रंगवायचे. मोठ्या माणसांना हे बाहुल्यांचे वेड कसे लागते, ते आकारामला कधी कळले नाही. पण प्रत्येक डबीत 'तपासले – आकाराम' अशी चिठ्ठी जायची, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. वृषभशेठच्या कागलच्या कारखान्यात त्याची एकोणतीस वर्षे तपासण्यातच गेली होती. आधी पंपांची झाकणे, आता हे शिपाई.

शेठची मुलगी भाग्यश्री काम शिकायला नुकतीच येऊ लागली होती. तिने मोबाइलवर भालदाराचा फोटो काढून मोठा केला.

"मामा, ही रेघ कसली?"

कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी रेघ. साच्याचे दोन भाग मिटतात तिथली. पाठीवर असती तर कानसून गेली असती. तोंडावरची कानसायची तर रेघेबरोबर नाकही जाते. म्हणजे माल नापास.

"असू दे मामा, एखादा सुटतोय," ती म्हणाली आणि पुढची डबी घेतली.

तेवढ्यावर निभावले असते. उचगावात घरी फक्त त्याच्या बायकोला, बनाबाईला ठाऊक होते, की साखरेने त्याच्या डोळ्यांचा पडदा खाल्लाय आणि गेलेली नजर परत यायची नाही. "शेठना सांगू नका, घरात बसून काय करशीला?" असे तीच म्हणाली होती. आकाराम भिंगाशी चाळा करत राहिला. त्याला फार थकल्यासारखे झाले.

"ताई, एखादा न्हाय," तो शेवटी म्हणाला. "महिना झाला, मला रेघ दिसतच न्हाय. सवयीनं ओके म्हणतोय. उद्या गाडीत चढणारा माल सगळा खोला."

"एकशेऐंशी डब्या हायत, मामा!"

"व्हय. शेठना मी सांगतो, आता तपासणी माझ्याच्यानं हुईत न्हाय."

दिवसभर दोघांनी डब्या उघडल्या. ती फोटो काढून बघायची, तो प्रत्येक तोंडावरून नख फिरवायचा. रेघ असली की नख अडायचे. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस भालदार नापास झाले. त्यातले तीन फोटोतून सुटले होते, ते नखाने धरले.

"बोटाला कळतंय की तुमच्या! ऱ्हावा की मामा."

"रेघ कळती. ढालीवरची नक्षी साच्यात नीट भरली का न्हाय, ते बोट सांगत न्हाय."

तिने कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या. मग हळूच विचारले, "नव्या चिठ्ठ्यांवर नाव कुणाचं घालू?"

"जिनं बघितलं तिचं."

ती लिहीत गेली. आकारामने डबीडबीतून आपली चिठ्ठी काढून तिची ठेवली. त्याला वाईट वाटत होते, पण हात थांबले नाहीत. मग नापास शिपायांचे खोके उचलून तो भट्टीकडे निघाला, पुन्हा वितळवायला.

दाराशी पायरी होती. एकोणतीस वर्षे तो ती न बघता उतरत आला होता. भाग्यश्री हात द्यायला उठली आणि तिथेच थांबली. त्याने खोके छातीशी धरले, पायाने पायरी चाचपली, आणि सावकाश खाली उतरला.